निळं झाकण, गुलाबी झाकण

मैमुनाबींच्या फ्रिजचा वरचा कप्पा म्हणजे घरातला सगळ्यात कडक बंदोबस्ताचा भाग. तिथं कोथिंबीर ठेवायची नाही, कालचा रस्सा ठेवायचा नाही, पाण्याची बाटली तर नाहीच नाही. तिथं फक्त थोरल्या सुनेची, शाहीनची, निळ्या झाकणाची बाटली राहायची. तिला हात लावायचा असेल तर आधी हात धुवायचे आणि मग मैमुनाबींना विचारायचं, असा नियम होता.

शाहीन धाराशिवच्या एका पतसंस्थेत कॅशियर होती. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा तिचा सुफियान जेमतेम साडेचार महिन्यांचा होता. तेर गावाहून सकाळच्या बसनं जायचं, दुपारी रेकॉर्डच्या खोलीला आतून कडी लावून पंपानं दूध काढायचं, बर्फाच्या पिशवीत घालून संध्याकाळी घरी आणायचं आणि दुसऱ्या दिवशी आजीनं ते सुफियानला पाजायचं, अशी योजना ठरली. योजनेत काही खोट नव्हती. फक्त दुधाला ती कुणी विचारून केली नव्हती. पहिल्या आठवड्यात बाटली गळ्याशी भरायची, मग निम्म्यावर आली, आणि महिना होत आला तेव्हा बर्फाच्या पिशवीत दुधापेक्षा बर्फच जास्त घरी यायला लागला.

"शाहीनताई, टेन्शन घेऊ नका," शेजारच्या काउंटरवरची प्रीती म्हणाली. "टेन्शन घेतलं की दूध आटतं."

त्या दिवसापासून शाहीनला टेन्शन येतंय की काय, याचं टेन्शन यायला लागलं. मग प्रीतीनं दुसरा उपाय सांगितला. पंप लावताना बाळाचा चेहरा बघायचा, आपोआप पान्हा फुटतो. शाहीननं दुपारी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुफियान आला, हसला, आणि त्याच्या डोक्यामागून सासूबाईंचं तोंड पुढं आलं.

"किती झालं गं?"

"आत्ताच बसले अम्मी."

"लसणाची चटणी खाल्ली का? डब्यात दिलीया. थांब, मी फोन धरून बसते. भरली की सांग."

सासू डोळे लावून बसलेली असताना कुणाला पान्हा फुटतो? बाटली तशीच राहिली. घरी खसखस-बदामाचा हरीरा झाला, डिंकाचे लाडू झाले, बाजरीची भाकरी झाली. वजन वाढलं, पण ते शाहीनचं. डब्यातली पावडर आणून पाहिली, तर सुफियाननं ती आजोबांच्या सदऱ्यावर उडवली आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. शेवटी एका रात्री शाहीन नवऱ्याला, मुजम्मिलला म्हणाली, "या महिन्याचा पगार घेते आन् बसते घरी. लेकरू उपाशी ठेवून कसली नोकरी." हे बोलताना तिला रडू आलं. ती नोकरी तिनं लग्नाआधी दोन वर्षं अभ्यास करून मिळवली होती, आणि नोटा मोजायला तिला मनापासून आवडायचं.

आता यात गंमत अशी की या रोगाचं औषध घरातच, पलीकडच्या खोलीत होतं. धाकटी सून आरजू. तिची मिसबाह चार महिन्यांची, आणि आरजूला दूध इतकं की मिसबाह पिऊन झोपली तरी आरजूचा पदर ओला. एकदा सुफियान भुकेनं टाहो फोडत होता, तेव्हा आरजूनं न राहवून त्याला उचललं आणि छातीशी घेतलं. मैमुनाबी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या पिठाच्या हातांनी अशा धावत आल्या की वयाची पासष्टी विसरल्या.

"थांब! दूध प्यालं की भाऊ-बहीण होतील दोघं!"

तेही खरंच होतं. इस्लामच्या नियमाप्रमाणे एका बाईचं दूध दोन लेकरांनी प्यायलं की ती दुधाची भावंडं, आणि सख्ख्या भावंडांसारखंच त्यांचंही लग्न कधीच होत नाही. मैमुनाबींनी तर सुफियान आणि मिसबाहचं लग्न मिसबाहच्या अकीक्यात, म्हणजे बारशातच जाहीर करून टाकलं होतं. गल्लीत पेढे वाटले होते, मिसबाहच्या पायात चांदीचे पैंजण घातले होते. नवरदेवाला तेव्हा मान धरता येत नव्हती आणि नवरी पाळण्यात शू करत होती, पण मैमुनाबींचा हिशेब वेगळा होता. त्यांची दोन पोरं, मुजम्मिल आणि आरजूचा नवरा झुबेर, मोटार रिवाइंडिंगचं एकच दुकान चालवायची आणि त्यात आठवड्याला एक भांडण करायची. आपल्यामागं हे दोघं मधे भिंत घालतील, ही धास्ती म्हातारीला झोपू द्यायची नाही. भाऊ व्याही झाले की भिंत कशी घालतील? म्हणून हे लग्न.

त्यामुळं एका खोलीत दूध वाहत होतं, दुसऱ्या खोलीत आटत होतं, आणि मधे मैमुनाबी पहारा देत होत्या.

अशात आरजूची दाढ दुखायला लागली. धाराशिवच्या दातांच्या डॉक्टरची वेळ मिळाली. सकाळी तिनं शाहीनचाच पंप मागून घेतला, आणि बोलता बोलता गुलाबी झाकणाची बाटली काठोकाठ भरून फ्रिजात ठेवली. शाहीन बघतच राहिली. निळ्या झाकणाच्या बाटलीत होतं ते तळ झाकण्यापुरतं. दोघी एकाच बसनं गेल्या, आणि दोन्ही नातवंडं आजीकडं राहिली.

आजी तरी राहावी ना. दुपारी पलीकडच्या गल्लीतून निरोप आला की भाचीला बघायला पाहुणे आलेत. आता सोयरीक जमवायची आणि मैमुनाबी नाहीत, असं तेरमधे कधी घडलं नव्हतं. त्यांनी घाईघाईत बुरखा चढवला आणि नवऱ्याला हाक मारली. वजीरमियाँ टेलर होते. पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन होतं.

"अहो, फ्रिजात दोन बाटल्या हायत. रडली तर गरम पाण्यात धरायची आन् पाजायची. ज्याची त्याला."

"व्हय," वजीरमियाँ म्हणाले. संसारात त्यांनी हा शब्द कितीदा उच्चारला असेल आणि त्यातल्या कितीदा बायकोचं बोलणं ऐकलं असेल, हे दोन वेगळे आकडे आहेत.

मैमुनाबी परतल्या त्या खुशीत. सोयरीक जवळजवळ जमली होती. घरात पाऊल टाकलं तर शांतता. दोन्ही लेकरं झोपलेली, आणि दोन्ही बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

"पाजलं का?"

"रिकाम्या केल्या दोघांनी," वजीरमियाँ सुईत दोरा ओवत म्हणाले. "सुफियान तर असा प्यालाय, बघत राहावं. आन् एकदा बी रडला न्हाय."

तळ झाकण्यापुरत्या दुधावर सुफियान रडला नाही, हे ऐकून मैमुनाबी बुरखा काढता काढता थांबल्या.

"कुणाला कोणची दिली?"

"रंगाला रंग. निळ्या फ्रॉकला निळी, गुलाबी झबल्याला गुलाबी. जन्मभर दुसरं केलंय काय म्या?"

मैमुनाबींनी पाळण्यांकडं पाहिलं. निळा फ्रॉक मिसबाहच्या अंगात होता. शाळेच्या गणवेशाचं कापड उरलं म्हणून आजोबांनीच तो शिवला होता. आणि सुफियानची सगळी झबली दोरीवर ओली होती, म्हणून सकाळी आरजूनं त्याला मिसबाहचं गुलाबी झबलं घातलं होतं. मैमुनाबी कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"अहो, तुम्ही माझ्या नातवाचं लग्न मोडलं."

वजीरमियाँची सुई हातातच राहिली. दोरा गेला की नाही, हेही त्यांना कळलं नाही.

"थोडं सांडलं असंल की," मैमुनाबी आशेनं म्हणाल्या. "आठवा जरा."

"सांडलं ना," वजीरमियाँ लगेच म्हणाले. बायकोला बरं वाटत असेल तर ते वाटेल ते कबूल करायचे. "लई सांडलं. निम्मं तर माझ्या सदऱ्यावर."

"मगाशी म्हणालात रिकामी केली."

"रिकामीच केली. सांडून सांडून."

सदऱ्यावर खरंच एक डाग होता. मैमुनाबींनी तो सदरा नवऱ्याच्या अंगातून उतरवून घेतला आणि पुरावा म्हणून घडी घालून ठेवला. वजीरमियाँ बनियनवर मशीन चालवायला लागले.

संध्याकाळी दोघी सुना आल्या. आरजूचा गाल सुजलेला, शाहीनची बर्फाची पिशवी हलकी. झालेला प्रकार ऐकून आरजूला हसू आलं, पण दाढेमुळं ते बाहेर येईना. शाहीन आधी पाळण्यापाशी गेली. सुफियान इतका गाढ झोपलेला तिनं महिन्याभरात पाहिला नव्हता.

"शाहीन, तुझ्या बाटलीत होतं किती?" मैमुनाबींनी विचारलं.

"तीन-चार चमचे असंल अम्मी."

"मग ते काय धरायचं. बरं झालं, तुला दूध कमी हाय."

गेला महिनाभर हरीरा पाजून ज्यांनी जीव नकोसा केला, त्याच सासूबाई आता दूध कमी आहे म्हणून शाबासकी देत होत्या. यावर हसावं की रडावं, ते शाहीनला कळेना.

तेवढ्यात मौलानासाहेब शिवायला टाकलेला कुडता न्यायला आले. वजीरमियाँनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मैमुनाबी दाराआडून म्हणाल्या, "मौलानासाब, एका वळखीच्या घरातली गोष्ट हाय."

"बोला खाला."

"तिथल्या आजोबानं दोन लेकरांच्या बाटल्या बदलून पाजल्या. एक बाटली तर अगदीच जराशी होती."

मौलानासाहेबांनी बनियनवर बसलेल्या वजीरमियाँकडं पाहिलं. "बाटली छोटी का मोठी, हा सवाल न्हाय. लेकरं दोन सालच्या आतली?"

"व्हय."

"दूध पोटात गेलं?"

दाराआडून एक हात बाहेर आला. हातात सदरा होता. मौलानासाहेबांनी तो उलगडला, डाग उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

"हे बाहेर सांडलेलं. मी पोटातलं विचारतोय."

दाराआडच्या हातानं सदरा परत घेतला. मग बारीक आवाज आला, "गेलं."

"मग त्या वळखीच्या घरात माझी मुबारकबाद सांगा. भाऊ-बहीण झाले. आन् त्या वळखीच्या टेलरला म्हणावं, माझ्या मागच्या कुडत्याची बाही काखंत काचतीया."

मौलानासाहेब गेले. मैमुनाबी भिंतीला टेकून बसल्या. पेढे गेले, पैंजण गेले, त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना आतापासूनच घराच्या मधोमध भिंत दिसायला लागली होती. आणि याच घटकेला सुफियान उठला. भूक लागली की तो आधी ओठ बाहेर काढायचा आणि मग गल्ली जागी करायचा. शाहीननं त्याला घेतलं, पण दिवसभराची दगदग, त्यात हा गोंधळ. दूध काही उतरेना. पोरगं तोंड लावायचं, सोडायचं आणि चिडून रडायचं. शाहीनही रडायला लागली.

आरजू उठली. तिनं सासूकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" मैमुनाबी म्हणाल्या. "पाज. आता काय राह्यलंय राखायला?"

आरजूनं सुफियानला घेतलं आणि दोन मिनिटांत घर शांत झालं. आपलं लेकरू दुसरीच्या अंगाला इतकं निवांत बिलगलेलं बघून शाहीनला टोचलं, नाही असं नाही. पण त्याचा गिळण्याचा आवाज ऐकला आणि महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून घेतल्यासारखं तिला वाटलं. त्या रात्री ती आडवी झाली ती सकाळीच उठली.

मग जे प्रीती रोज सांगायची ते आपसूक झालं. घरी लेकरू उपाशी नाही म्हणताना शाहीन रेकॉर्डच्या खोलीत निवांत बसायला लागली. फोन बंद, समोर जुन्या फायली, आणि दूध असं यायला लागलं की चार दिवसांत बाटली निम्मी आणि पंधरवड्यात काठोकाठ. पगार झाला, पण नोकरी सोडायचं नावही तिनं काढलं नाही.

गल्लीत मात्र चर्चा व्हायची ती झालीच. पेढे खाल्लेली शेजारीण महानंदा एका संध्याकाळी मुद्दाम आली.

"वाईट झालं बघा मैमुनाबी. आता तुमच्या पोरांचं कसं? दोघांना बांधणारा दोराच तुटला की."

मैमुनाबींना गेले पंधरा दिवस हेच खात होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते पटेना. समोर चटईवर आरजूच्या एका मांडीवर मिसबाह होती, दुसरीवर सुफियान. दोघंही एकमेकांचे पाय तोंडात घालायच्या खटपटीत होते.

"कसला दोरा?" मैमुनाबी हळूहळू म्हणाल्या. बोलता बोलताच त्यांना ते उमगत होतं. "लग्न केलं असतं, तर उद्या पोरगी रुसून माहेरी आली असती. आन् माहेर कुठं, तर पलीकडच्या खोलीत. भावाभावांत तेवढंच अजून एक भांडान. लग्न मोडता बी येतं महानंदा. दूध पोटात गेलेलं कोण मोडतंय? ही आता मरेस्तोवर भाऊ-बहीण. घाला म्हणावं भिंत."

मैमुनाबींचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता. तेवढ्यात शाहीन आली आणि तिनं भरलेली बाटली पिशवीतून काढून कौतुकानं सगळ्यांसमोर धरली.

"आता ही कुणाला?" ती म्हणाली. "हे दोघं तर पोटभर प्यालेत."

"मिसबाहला ठेवा भाभी," आरजू म्हणाली. "उद्यापासनं लागंल. एसटी स्टँडासमोरच्या मेडिकलवाल्यानं विचारलंय. डी.फार्मसी झालेलं माणूस पायजे त्याला, आन् माझं झालंय. झुबेर व्हय म्हणलेत. दुपारपर्यंतच जायचंय."

मैमुनाबींनी धाकटीकडं पाहिलं, मग थोरलीकडं, मग मांडीवरच्या दोघांकडं. एक सून कामावर टिकवायची म्हणून हा सगळा खटाटोप झाला, आणि आता दोन्ही चालल्या होत्या. पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. आपल्या वाट्याला काय येणार, हे वजीरमियाँना सगळ्यात आधी कळलं होतं. ते गळ्यात टेप अडकवलेल्या अवस्थेत दारात येऊन उभे राहिले.

"आधीच सांगून ठेवा," ते घाबरत म्हणाले. "कुणाला कोणची बाटली द्यायची?"

मैमुनाबींनी बाटली शाहीनच्या हातातून घेतली आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, आरजूनं उद्यासाठी भरलेल्या गुलाबी झाकणाच्या बाटलीला खेटून ठेवली.

"जी हाताला लागंल ती द्या."