टकळीने दिलेला होकार

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: मधली सुट्टी आहे, अख्खा वर्ग एका मुलीभोवती गोळा झाला आहे आणि ती मान ताठ करून सांगते आहे, "काळजी सोडा. हे काम आमच्या घरातलंच आहे."

तिला सगळे टकळी म्हणत. तिची आई कायदे करणाऱ्या सभागृहात निवडून गेलेली. शाळेच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या लंगड्या कुत्र्याला उद्या गाडीत घालून दूर सोडून देणार होते. मुलांनी हात वर करून टकळीला निवडलं आणि मोठ्या बाईंना सांगायला एकच निरोप दिला: कुत्रा इथेच राहू दे.

टकळी बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाईंसमोर पहिलीतला एक मुलगा थरथर कापत उभा होता. लहान मुलं कुत्र्याला घाबरतात, हा बघ, असं बाई म्हणाल्या. टकळीचं काळीज हललं. लोक आपल्याला निवडतात ते आपली अक्कल वापरण्यासाठी, असं आई नेहमी म्हणायची. टकळीने ती वापरली. कुत्रा न्यायला वर्गातर्फे होकार देऊनच ती बाहेर आली!

वर्ग आग्यामोहोळासारखा उठला.

"आम्ही तुला आमचं म्हणणं सांगायला पाठवलं होतं," शेवटच्या बाकावरचा म्हणाला, "तुझं नाही."

"तुम्ही त्या पोराला पाहिलं नाहीत."

"आणि तू आम्हाला विचारलं नाहीस."

रात्री जेवताना आईने गंभीरपणे लेकीची बाजू घेतली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आईला म्हणाले, "मीही तुला पुलासाठीच मत दिलं होतं."

आईने निवडणुकीत कबूल केलेला पूल अजून झाला नव्हता. आईने पाण्याचा पेला उचलला आणि ती बराच वेळ पाणीच पीत राहिली.

सकाळी टकळीने पहिलीचा वर्ग गाठला. "कुत्र्याला घाबरतोस ना रे?"

"नाही. तो माझा मित्र आहे."

"मग काल कापत का होतास?"

"समोर बाई होत्या ना!"

टकळीने कपाळावर हात मारला. फाटकाशी गाडी येऊन थांबली होती. तिने त्याला मोठ्या बाईंकडे चल म्हटलं, तर तो खांबाला घट्ट धरून बसला.

"ताई, तूच सांग."

"बरं. नेमकं काय सांगू?"

"कुत्र्याला राहू द्या. आणि ओरडत जाऊ नका."

 दुसरं वाक्य गाळावं, असं टकळीच्या अकलेने लगोलग सुचवलं. तिने बाईंचं दार वाजवलं, आत गेली आणि दुसरं वाक्य आधी सांगितलं.