एकाच किल्लीचं कुलूप

"बाबा, ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला हे वाचता येणार नाही," म्हणत जावई खुर्चीत ऐसपैस टेकला.

तो वेबसाइट बनवायचा. सासऱ्यांचं कुलपांचं दुकान. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं कौतुक म्हणून कधी केलं नव्हतं. आता लग्नाच्या वाढदिवशी चारचौघांत भाषण करून सगळी कसर भरून काढायची होती आणि तोवर तिला सुगावा लागू द्यायचा नव्हता. म्हणून जावयाने खास वेबपान बनवलं. भाषण टाइप केलं की ब्राउझर त्याचं अगम्य गिचमिड करणार, आणि ते उलगडायची किल्ली सासऱ्यांच्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्येच राहणार.

"आणि दुसरी किल्ली?" सासऱ्यांनी विचारलं. "आमच्याकडे कुलपाबरोबर दोन देतात."

"दुसरी किल्ली म्हणजे चोराची सोय, बाबा."

सासरे भाषण टाइप करायला बसले. शिकलेल्या माणसापुढे आपलं काय चालणार?

वाढदिवसाच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "लॅपटॉप फार रखडतोय हो." झालं, जावयाला हुरूप आला. ब्राउझरने साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं त्याने पुसून टाकलं आणि वर सासूबाईंकडून चहाही उकळला.

संध्याकाळी हॉल भरला. सासऱ्यांनी घसा खाकरून लॅपटॉप उघडला. पडद्यावर गिचमिड. जावई धावत आला, चार बटणं दाबली आणि त्याचा चेहरा पडला.

"बाबा, किल्ली सकाळी पुसली गेली."

"कोणी पुसली?"

"मीच."

"मग परत काढा."

"येत नाही. तसंच बनवलंय."

सासऱ्यांनी खिसे चाचपले. पाठ काहीच नव्हतं. चाळीस वर्षांनी तोंड उघडलं होतं आणि आत शब्द नाही! त्यांची अवस्था जावयाला बघवेना.

तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि त्यांनी पर्समधून चुरगळलेला कागद काढला. "घ्या. कच्चं लिहिलेलं फ्रिजवर ठेवलं होतंत. आठ दिवस तिथेच होतं."

सासरे वाचू लागले. तिसऱ्या ओळीला आवाज कापला, सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग सासरे थबकले. "मी 'ती बहुतेक वेळा बरोबर असते' असं लिहिलं होतं. 'बहुतेक वेळा' कोणी खोडलं?"

"पुढे वाचा," सासूबाई म्हणाल्या. ते निमूट पुढे वाचू लागले.

निघताना सासूबाईंनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका हो. कुलूप चांगलंच केलंत तुम्ही. अजून कोणालाच उघडता आलेलं नाही."