झेंडूची घरपट्टी

यंदाच्या दसऱ्याला हार विकत आणायचे नाहीत, स्वतः ओवायचे, असं मी ठरवलं. (मी असं काही ठरवलं की प्रतिभा, म्हणजे आमची सौ., आधी देवापुढे दिवा लावते.) आमची आई, नवसाबाई, पंचवटीतल्या याच घराच्या पुढच्या खोलीत हार करायची आणि देवळापाशी विकायची. अख्खं घर झेंडूच्या वासानं भरून जायचं. मी सुईला हात लावला की म्हणायची, "टोचेल रे राजा, तू आपली फुलं निवड." केवढी माया! ती गेल्यापासून दसऱ्याला ती रिकामी खोली बघवत नव्हती.

म्हणून गोरक्षमामाच्या मळ्यातून गोणीभर झेंडू आणला आणि दार सताड उघडं टाकून आईच्या जागी बसलो. हार फुकट म्हटल्यावर काय, दारात ही गर्दी! तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण येऊन मोबाइलवर फोटो काढू लागला. मला वाटलं, पेपरवाला असेल.

"काका, किती वर्षांपासून चालू आहे हे?"

"आमच्या आईपासून!" माझा ऊर भरून आला.

"मागणी बरी दिसतेय."

"अहो, मान वर करायला फुरसत नाही!"

तो घरपट्टीच्या सर्व्हेचा माणूस होता. पुढच्या बिलात आईच्या खोलीचं दुकान झालं होतं, आणि पट्टीही दुकानाच्याच दरानं.

"हौसेला मोल नसतं म्हणता ना?" प्रतिभा म्हणाली. "हे घ्या, बिल आलंय."

पैशाचं दुःख होतंच (कारकुनाला ते असतंच), पण आईची खोली म्हणजे दुकान? छे! मी तडक हरकत घेतली. सुनावणीच्या दिवशी सकाळी प्रतिभा म्हणाली, "तिथल्या अधिकारी मॅडमसाठी एक हार ओवा की, तुमच्या हातानं." इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला माझी कदर वाटली, म्हणून मी गहिवरलोच.

महापालिकेच्या ऑफिसात मी आईबद्दल भरभरून बोललो. मॅडमही हळव्या झाल्या. "माझी आजी गजरे करायची हो," म्हणाल्या. मग चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "पण तुम्ही हार विकत नाही, याला पुरावा काय?"

मी कागद चाचपू लागलो. प्रतिभानं पिशवीतून माझा हार काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी तो उचलला मात्र, दोरा तुटला आणि झेंडू फायलींवरून गडगडत टेबलाखाली गेले.

"हा कोणी केला?"

"मी!" मी ताठ बसत म्हणालो.

"मॅडम, असलेच हार गल्लीनं फुकट नेले," प्रतिभा म्हणाली, "आणि दाराला विकतचे आणून लावले."

हे मला नवीनच होतं. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

हरकत मंजूर झाली. आदेशात लिहिलं होतं, 'अर्जदाराने ओवलेला हार पाहता त्याची विक्री होणे संभवत नाही. सबब खोली निवासी धरावी.' आईची खोली परत मिळाली, डोळे भरून आले. आणि आई मला सुईला हात का लावू देत नव्हती, तेही पन्नाशी उलटल्यावर कळलं, सहीशिक्क्यानिशी.