राजाच्या जबड्याची स्प्रिंग

एका जंगलात, म्हणजे झाडं तोडायची राहून गेली होती अशा एका जागी, केसरोजी नावाचा सिंह राज्य करत होता. हसू नका पोरांनो, नीट बसा. सिंह म्हातारा झाला की हसण्यासारखाच दिसतो, पण त्याच्यासमोर कुणी हसत नाही.

केसरोजीचा खालचा जबडा लोंबायला लागला होता. घास धरवेना. माशी आत जायची, सगळीकडे हिंडायची आणि सावकाश बाहेर यायची.

आता त्या जंगलात एक रीत होती. दर दसऱ्याला राजानं कड्यावर चढायचं, डरकाळी फोडायची आणि सगळ्यांदेखत रेड्याचं हाड एका चाव्यात मोडायचं. नाही मोडलं, तर गादी वाघाची. वाघ तर आत्तापासूनच कड्याखाली जोर-बैठका काढत होता.

केसरोजीची झोप उडाली. त्यानं भालू अस्वलाला बोलावलं. शिकारी जे सामान टाकून जायचे ते हा भालू उचलून ठेवायचा.

"हे घ्या महाराज. मोठ्या सापळ्यातल्या दोन स्प्रिंगा."

"ही तर नुसती गुंडाळलेली तार!"

"तारच. पण हिचे दोन पाय बघा. ओढून फाकवले की वेटोळ्याला पीळ बसतो. सोडले की पाय खाडकन जागेवर. माणसांच्या कपड्यांच्या चिमट्यात हीच असते. परीक्षेच्या पॅडवर कागद दाबून धरते तीही हीच. रजा मागत नाही, कुरकुर करत नाही."

"मग तिलाच राजा कर की गाढवा!" केसरोजी खेकसला. पण जबडा पुढे केला.

भालूनं दोन्ही कानांपाशी एकेक वेटोळं बसवलं. एक पाय वरच्या जबड्यात खिळ्यांनी ठोकला, दुसरा खालच्यात. खट्ट! तोंड मिटलं.

"उघडा आता."

"म्म्म्," महाराज म्हणाले.

भालूनं डोकं खाजवलं. मग चिमट्याला असतात तसे दांडे त्यानं राजाच्या कानांमागून बाहेर काढले. दाबले की तोंड उघडायचं, सोडले की मिटायचं. राजाचा पंजा काही मागे पोचेना. म्हणून दाबायला दोन कोल्हे नेमले.

दसरा आला. कोल्ह्यांनी दांडे दाबले, राजानं डरकाळी फोडली. हाड तोंडात दिलं, दांडे सोडले. कडाड! हाडाचा भुगा. प्रजा नाचली. वाघ घरी गेला.

त्या दिवसापासून कोल्ह्यांना भूक लागली की राजा जेवायला लागला. अर्धं ताट त्यांचं, मग दांडे दाबायचे. भर दरबारात राजा कधी बोलू लागलाच, तर गंमत.

"मला या कोल्ह्यांच्या—" खट्ट.

"महाराज म्हणतात, मला या कोल्ह्यांच्या कामाचा अभिमान वाटतो," थोरला कोल्हा सांगायचा.

दरबार टाळ्या पिटायचा. खरं सांगू? राजाच्या पूर्वीच्या लांबलचक भाषणांपेक्षा सगळ्यांना हे बरंच वाटायचं.

केसरोजी आतल्या आत जळत होता. एकच वाक्य त्याच्या मिटल्या तोंडात वर्षभर फिरत राहिलं.

पुढचा दसरा तोंडावर आला तेव्हा भालू स्प्रिंगांना तेल घालायला आला. कोल्हे जेवायला गेले होते. जेवण राजाचंच. भालूनं तेल सोडलं, राजाच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि स्वतःच दांडे दाबून धरले.

"बोला महाराज. कुणी नाहीये."

"काढ रे बाबा हे! माझं तोंड माझं राहिलं नाही! या हलकटांनी मला पार कपड्यांचा चिमटा करून ठेवलंय!"

"आत्ता काढतो. एकेक खिळा उपसला की झालं," भालू म्हणाला. "मात्र परवा हाड मोडणार नाही. जाता जाता वाघाला तसं सांगून जाऊ?"

केसरोजी गप्प झाला. उघड्या तोंडानं गप्प. त्यानं वर कड्याकडे बघितलं. खाली प्रजा आतापासूनच जागा धरून बसली होती.

"भालू, तेल नीट घातलंस ना?"

"घातलं."

"मग सोड दांडे."

खट्ट.

तात्पर्य: स्प्रिंगला कितीही पिळा, सोडली की ती मुकाट आपल्या जागी परत जाते, कारण तिला अक्कल नसते. ज्याला अक्कल असते तो बसलेली जागा सोडत नाही. तेव्हा पोरांनो, मोठे होऊन राजे व्हा आणि तोंड दुसऱ्यांच्या हवाली करा. तेवढं नाही जमलं तर कानामागचा दांडा धरा. जेवण तिथंही चांगलं मिळतं.