एडानं शेकोटी बुजवली

"आता त्या बयेनं सळई आपटून आपटून मनगट मोडून घेतलं, तरी मला ऐकू यायचं नाही!" एडानं सगळ्या बर्नली गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, आणि बैठकीतली शेकोटी फळीनं कायमची बुजवायच्या कामाला नवऱ्याला, विल्फला, जुंपलं.

ती बया म्हणजे शेजारची फ्लॉरी. दोघींच्या शेकोट्या एकाच भिंतीत, पाठीला पाठ लावून. चहाला बोलवायचं तर शेकोटीच्या मागच्या पत्र्यावर सळईचा एक ठोका. 'असशील तशी धावत ये' म्हणायचं तर तीन. गल्लीतल्या सगळ्याच बायांची ही रीत. पण चर्चच्या चहापानाला फ्लॉरी चारचौघींत बोलून गेली, "एडाचा आल्याचा केक यंदा जरा कोरडा झालाय, नाही?" झालं! तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही अंगांना कडकडीत मौन. आता पहिला ठोका कोण देतं, एवढंच बघायचं होतं. एडा तर मेली तरी देणार नव्हती!

"फळीत मधे जाळी बसवावी लागेल," विल्फ म्हणाला. "धुराड्यात वारा खेळला नाही तर भिंतीला ओल येईल."

"वारा तुझ्या धुराड्यानं खायचा आणि काजळी माझ्या पडद्यांनी? जाळीबिळी काही नको!"

विल्फनं गुपचूप जाळी बसवली. तो आपल्या शर्यतीच्या कबुतरांकडे वळला मात्र, एडानं जाळीवर उरलेला गुलाबांचा भिंतकागद चिकटवून टाकला. भिंत कशी नव्या नवरीसारखी दिसायला लागली!

शनिवारी फ्रान्सहून सोडलेली कबुतरं घरी परतायची होती. सगळ्यांची आली, विल्फची लाडकी मेबल तेवढी येईना. तो बिचारा परसातल्या खुराड्याशी आभाळाकडे तोंड करून खांबासारखा उभा. एडा आत एकटीच चहा पीत होती.

टक!

कप ओठाशीच थांबला. आवाज शेकोटीमागून!

"आली वठणीवर!" एडा खुर्चीत ऐसपैस बसली. "वाजव, बाई, वाजव! मी काही उठत नाही."

टक, टक, टक!

तीन? फ्लॉरी पडलीबिडली तर नसेल? ती अर्धी उठली, परत बसली, परत उठली. एवढ्यात दार धाडकन उघडलं. केसांत रोलर, पायांत सपाता आणि हातात ब्रँडीची बाटली घेऊन फ्लॉरीच आत!

"कोण पडलं गं? विल्फ?"

"कोण पडणार? तीन ठोके तर तू दिलेस!"

"मी? अगं, ठोके तुझ्याच घरातून आले!"

"मी कशावर ठोकणार, कपाळावर? शेकोटी बुजवलीय, दिसत नाही?"

टक, टक, टक! भिंतीवरचे गुलाब थरथरले. फ्लॉरी पिठासारखी पांढरी पडली.

"एडा... विल्फ कुठाय?"

"असेल की कुठंतरी!"

"तुझी जीभ माहीत होती गं मला. पण नवऱ्याला भिंतीत चिणशील असं नव्हतं वाटलं! विल्फ, धीर धर रे, मी आले!"

आणि एडा हां-हां म्हणेपर्यंत फ्लॉरीनं कोपऱ्यातली सळई घालून फळी उचकटली. भस्सकन काजळी कोसळली! दोघी तव्याच्या बुडासारख्या काळ्या. त्या ढगातून एक कबुतर फडफडत निघालं, दिव्याभोवती गरगरलं आणि फ्लॉरीच्या रोलरांवर घरटं मिळाल्यासारखं विसावलं.

"कबुतर!" एडा खोकत खोकत नाचायलाच लागली. "म्हणजे मी ठोका दिलाच नाही! आधी तू आलीस, तू!"

फ्लॉरीनं शांतपणे नाक पुसलं. "ठोके कुणी दिले?"

"कबुतरानं!"

"आणि कबुतर कुणाचं?"

एडानं कबुतराच्या पायातलं शर्यतीचं कडं बघितलं. मेबल!

"आमचं."

"मग? पहिला ठोका तुमच्याच घरातून आला ना?" म्हणत फ्लॉरी डोक्यावरच्या कबुतरासकट खुर्चीत बसली आणि तिनं चहाची किटली पुढ्यात ओढली.

एडाला यावर चांगलं सणसणीत उत्तर सुचलं. पण तोवर फ्लॉरीचा दुसरा कप संपत आला होता, आणि तिसरा एडाच ओतत होती.