लाल दोऱ्याचे पुठ्ठे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या शेडच्या छतात एकच पत्रा पारदर्शक होता आणि सकाळचे ऊन रोज त्याच चौकोनातून उतरत असे. आधी ते सुताच्या कोनांवर थांबे, मग हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या कणांना थोडा वेळ सोनेरी करी, आणि जगात कुणालाच घाई नसल्यासारखे सरकत सरकत संगणकाच्या टेबलापाशी येई. आज ते तिथे पोहोचले तेव्हा पडद्यावर चुकांच्या अकरा लाल ओळी होत्या आणि त्यांच्यासमोर अनीश बसला होता.

"माग कवा सुरू व्हणार?" कारखान्याचे मालक गुरुशांतअण्णांनी विचारले.

परवा त्यांच्या सिद्धेश्वरीचे लग्न होते. पाहुण्यांच्या टॉवेल-टोपीसाठी दोनशे टॉवेलांवर वधूवरांची नावे विणायची होती. बारापर्यंत माग लागला नाही, तर टॉवेलच्या कारखानदाराला लेकीच्या लग्नात बाजारातले टॉवेल वाटावे लागणार होते.

चित्र पाहून मागाला नक्षी सांगणारा प्रोग्राम अनीशने पाच वर्षांपूर्वी लिहून सर्वांना फुकट खुला केला होता. त्यात इतरांनी लिहिलेल्या, तशाच फुकट मिळणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, वापरल्या होत्या; चित्र वाचणाऱ्या लायब्ररीची तर अख्खी प्रतच त्याने प्रोग्रामच्या पोटात ठेवली होती. काल अण्णांनी नवा संगणक आणला आणि त्या जुन्या प्रतीने त्यावर चालायला नकार दिला.

अनीशने तिचे नवे व्हर्जन घातले. त्याला पायथनही, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता तीही, नवे हवे होते. तेही घातले, तर मागाशी बोलणारी लायब्ररी बंद पडली; तिला जुनेच पायथन हवे होते. दोघींना चालेल असे पायथनचे मधले व्हर्जन सापडेपर्यंत नऊ वाजून गेले.

"दोन जावांचं भांडण हाय की हे," अण्णा म्हणाले. "तुमी मधी कशाला पडलात?"

"लायब्ररीवाले काहीतरी बदलतात, अण्णा. आणि सांगत नाहीत."

दहाला माग खडखडला. टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या मल्लव्वाने पहिला टॉवेल उचलला, झटकला आणि डोळ्यांपुढे धरला.

"नावं आरशात बघून वाचायची व्हय?"

सगळी अक्षरे उलटी विणली गेली होती.

चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्या अनीशच्या लेखणीला अशा वेळी धार चढे. लायब्ररीच्या जाहीर पानावर त्याने लिहिले: 'आपल्या नव्या व्हर्जनने चित्र उलटे केले आहे. कुणालाही न कळवता बदल करणे ही जबाबदार माणसाची रीत नव्हे.' पुरावा म्हणून आपली जुनी प्रतही जोडली.

"आमी बी पुठ्ठ्यात बदल करायचो की," कोपऱ्यातल्या जुन्या मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यांकडे बोट दाखवत मल्लव्वा म्हणाली. "एक भोक बुजवलं तरी लाल दोरा बांधायचा. मागून येणाऱ्याला कळाय नको?"

"तेच म्हणतोय मी, मावशी," अनीश कळवळून म्हणाला. "या लोकांना एक दोरा बांधायला काय होतं?"

सव्वाअकराला उत्तर आले. 'आमच्या कोणत्याच व्हर्जनने कधी चित्र फिरवलेले नाही. तुमच्या प्रतीत मात्र चित्र फिरवणारी एक ओळ जास्तीची आहे. शेजारी कुणीतरी काही लिहिले आहे. ती लिपी आम्हाला येत नाही. आपण वाचून सांगाल का?'

अण्णांनी चष्मा चढवला आणि उत्तराखाली जोडलेला तो मजकूर मोठ्याने वाचला, "माग उलटा विणतो म्हणून तात्पुरतं फिरवलंय. सोमवारी नीट करतो."

अनीशने खुर्ची पडद्याकडे आणखी ओढली.

"मराठीत हाय की," अण्णा म्हणाले. "तिकडं आपल्यातलं कोण कामाला हाय?"

"असेल कुणीतरी," अनीश पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"सोमवार कुटला म्हणायचा त्यो?" मल्लव्वाने विचारले.

अनीशने ती ओळ नव्या व्हर्जनबाहेर, आपल्या प्रोग्राममध्ये लिहिली. पावणेबाराला सिद्धेश्वरीचे नाव सुलटे विणले जाऊ लागले. मल्लव्वाने लाल सुताचा तुकडा तोडला, संगणकाच्या वायरीला गाठ मारून बांधला आणि शिवायला बसली.

उन्हाचा चौकोन आता टेबल सोडून निघाला होता. उत्तराच्या रिकाम्या चौकटीत अनीशने तीनदा लिहून खोडले. चौथ्यांदा मात्र एवढेच लिहिले: 'ती ओळ मीच लिहिली होती.'