आत्याची झोप आणि लॅटिन

एखाद्या शब्दाचं मूळ कळलं की ऐकणाऱ्याचं भलंच होतं, यावर छकुलीची नितांत श्रद्धा होती. नुकतीच रसायनशास्त्राची पदवी हातात पडल्यामुळे ती या श्रद्धेला ‘निरीक्षण’ म्हणायची.

त्या दुपारी जेवताना तिने ‘प्लासिबो’ला हात घातला.

“लॅटिन शब्द आहे, आत्या. अर्थ, ‘मी खूश करीन.’ पूर्वी तिकडे कोणी वारलं की त्याच्यासाठी म्हणायच्या प्रार्थनेत हा शब्द यायचा. जेवायला मिळेल म्हणून परकी माणसंसुद्धा ती गायला जाऊन बसायची. त्यामुळे तोंडदेखलं वागण्याला हे नाव पडलं. पुढे ते डॉक्टरांनी उचललं. आत औषध नाही, तरी घेतली की बरं वाटतं, अशी गोळी म्हणजे प्लासिबो.”

“चवीला कशी असते?”

“बहुतेक साखरेचीच. गोड.”

आत्याचा चमचा हवेतच राहिला. डॉक्टरांनी दिलेली तिची दुपारच्या झोपेची गोळी चांगली गोड होती.

आता या घरातली झोप म्हणजे एखाद्या तळ्यासारखी. दुपारी आत्या आडवी झाली की पडदे संथ फुगायचे, भिंतीवरचं ऊन पेंगायचं, आणि आतल्या खोलीत बाबा तळाशी जाऊन पडायचे. ते पाणीपुरवठ्यात रात्रपाळीला होते. मागच्या आठवड्यात त्यांना पंपापाशी डुलकी लागली आणि टाकी रस्त्यावर वाहिली. पुन्हा असं झालं तर नोकरी विसरा, असं साहेबांनी बजावलं होतं.

त्या दुपारी आत्या झोपली नाही. आत्या म्हणजे निवृत्त संगीतशिक्षिका. तिने आधी कपाट सरकवलं, मग ताना घेतल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा काखेत उशी घेऊन घरभर हिंडू लागले.

“ताई, जरा हळू,” ते म्हणाले.

“हळू कसलं? तुझ्या शास्त्रज्ञ लेकीने माझी झोप उडवली, तिला सांग.”

छकुली धावत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली.

“जेवताना लॅटिन कशाला शिकवलंस?” डॉक्टर म्हणाले.

“मी फक्त अर्थ सांगितला.”

“अर्थ कळला की गुण जातो, एवढं तरी शिकायचंस.” त्यांनी एक लालभडक, टपोरी गोळी कागदात गुंडाळली. “जालीम आहे, अर्धीच घे, असं सांग.”

“आत काय आहे?”

“साखर. आणि लाल रंग.”

आत्याने गोळी उजेडात धरून पाहिली, सुरीने दोन तुकडे केले आणि एक पुढे केला. “आधी तू.”

छकुलीने बेधडक गिळला. आत काही नाही, हे माहीत असलेल्याला काय होणार? ती खुर्चीत टेकली. पडदा फुगला. ऊन भिंतीवरून उतरून तिच्या मांडीवर येऊन बसलं. खुर्ची हळूच पाण्यावर तरंगू लागली, लॅटिन शब्द माशांसारखे शेपट्या हलवत खालून गेले, आणि दुरून कोणीतरी समाधानाने म्हणालं, “लागू पडली हो.”

फोन वाजत होता. खोलीत अंधारून आलं होतं. कोचावर आत्या घोरत होती; उरलेला तुकडा बशीत नव्हता. आतून बाबांचं घोरणं तिला साथ देत होतं. बाबांना उठवायचं काम आत्याचं, कारण घड्याळाच्या गजराला ते कधीच दाद देत नसत.

“वडील कुठे आहेत?” फोनवर साहेब होते. “इथे दिवसपाळीचा माणूस अडकून बसलाय.”

“झोपलेत.”

“गोळी-बिळी घेतात की काय?”

“ते नाही, सर. आत्याने घेतली. ती झोपली की बाबांना झोप लागते.”

“कसली गोळी?”

खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. “साखरेची, सर. आत औषधच नाही. लॅटिनमध्ये तिला—”

“लॅटिन राहू दे. आधी त्यांना उठव आणि पाठव. आजचं मी सांभाळून घेतो.” मग साहेबांचा आवाज एकदम खाली आला. “आणि हे बघ, आमच्या सासूबाई राहायला आल्यात. वडिलांबरोबर दोन गोळ्या पाठवशील का?”

“पण सर, त्यात खरंच काही नाही.”

“मला सांगितलंस ते सांगितलंस,” साहेब कुजबुजले. “सासूबाईंना सांगू नकोस.”